शेरा कोण लिहितो? शाळेतल्या गोपनीय अहवालामागचा इतिहास

सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक ठरवली. तेव्हापासून मराठवाड्यातल्या शाळांच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. वीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाचं काम नेमकं कशावरून जोखायचं, हा प्रश्न मात्र या निकालापेक्षा बराच जुना आहे.

1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळांचं माध्यम मुख्यतः उर्दू, आणि तपासणीला यायचे ते तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे अधिकारी. शेजारच्या मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत चालली; तिथं मास्तरांची किंमत पोरांच्या उत्तरांवर ठरायची. इकडची चिंता वेगळी होती. 1921 साली सुरू झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते, पुढे ते अंबाजोगाईला गेले. अशा शाळांमधला शिक्षक काय शिकवतो, यापेक्षा तो कुणाच्या बाजूचा आहे, हे सरकारला जास्त महत्त्वाचं वाटायचं. शिक्षकाकडे संशयानं पाहण्याची ही सवय संस्थान गेल्यावर लगेच गेली, असं मला वाटत नाही.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक शिक्षक त्यांच्या ताब्यात गेले. मग विस्तार अधिकाऱ्यांची वार्षिक तपासणी सुरू झाली. आधीच्या आठवड्यात भिंती रंगायच्या, हजेरीपट नीट व्हायचा, पाठ टाचणं पूर्ण व्हायची. साहेब चौथीच्या चार पोरांना वाचायला लावत, एकाला पाढे विचारत आणि शेरेबुकात दोन ओळी लिहून पुढच्या गावाला जात. त्या दोन ओळींत बहुतेकदा इमारत असायची, पट असायचा, शालेय पोषण आहार आल्यावर तांदळाचा साठाही असायचा. गणित कसं शिकवलं, हे क्वचितच. केंद्रप्रमुखाचं, म्हणजे जवळच्या काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्याचं, पद 1990 च्या दशकात निर्माण झालं ते हीच उणीव भरून काढायला. पुढं बैठका आणि माहितीचे तक्ते यांतच त्यांचा दिवस जाऊ लागला.

खासगी शाळांची कथा अधिक कडू आहे. गावोगावी शिक्षण संस्था निघाल्या, त्यांत शिक्षकाची नोकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम 1977 चा, नियमावली 1981 ची. या मर्जीला पहिला खरा लगाम त्यांनी घातला. परिविक्षा, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीचा काळ, दोन वर्षांची. दरवर्षी ठरलेल्या नमुन्यात गोपनीय अहवाल लिहायचा, शिक्षक-शिक्षकेतरांचा मुख्याध्यापकांनी आणि मुख्याध्यापकांचा संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानं. प्रतिकूल शेरा असेल तर तो लेखी कळवायचा. आणि सगळ्यात मोलाची तरतूद अशी की अहवाल लिहिलाच नाही किंवा प्रतिकूल शेरा ठरल्या मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक मानायचं. ‘काम बरोबर नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात उभं राहायला ही जागा मिळाली. संघटनांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेलं हे संरक्षण आहे, ते कुणी हलकं समजू नये.

प्रत्यक्षात काय होतं? शिक्षकांसाठी 1983 मध्ये नेमलेल्या चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींमधून बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी आली. शिक्षक तिला अजूनही नुसतं ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात. प्रस्तावाला मागच्या वर्षांचे सीआर, म्हणजे हेच गोपनीय अहवाल, जोडावे लागतात. फाईल उघडली की अहवालच नाहीत! मग एका दुपारी सगळी वर्षं एकदम लिहिली जातात. एकच शाई, एकच अक्षर, प्रत्येक पानावर ‘चांगला’. तेवढ्यात बदललेल्या मुख्याध्यापकांच्या सह्या गोळा करत तो शिक्षक दोन-तीन गावं फिरतो. यात फसवणूक कुणाची होते? मनापासून शिकवणाऱ्याचीच, कारण त्याच्या पानावरही तोच शब्द असतो.

गोपनीयतेला मोठा धक्का दिला तो सर्वोच्च न्यायालयातल्या 2008 च्या देव दत्त खटल्यानं. खटला शाळेचा नव्हता, सीमा रस्ते संघटनेतल्या अभियंत्याचा होता. त्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला, बढतीला ‘अति चांगला’ लागत होता, आणि शेरा कुणी कळवलाच नव्हता. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तेच कायम केलं. त्यानंतर सरकारी कागदांत ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हे नाव रूढ झालं.

मग वारं आकड्यांच्या दिशेनं वळलं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची पोरं खरंच आहेत का याची मोजणी, पोरांच्या बोटांना शाई लावून. तिची सुरुवात आपल्या नांदेडमधली. ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयानं वरिष्ठ व निवड श्रेणीला शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यांकनातली ‘अ’ श्रेणी आणि नववी-दहावीचे निकाल जोडले. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर निम्मा वर्ग दिवाळीनंतर कारखान्यावर जातो, अशा बीड-परळीकडच्या शाळेला आणि लातूर शहरातल्या शाळेला एकच फूटपट्टी! विरोध झाला, अटी पुढं बदलाव्या लागल्या. 2023 मध्ये विभागीय पातळीवर शिक्षक प्रेरणा परीक्षा निघाली. ती ऐच्छिक होती, तरी संघटनांनी विरोध केला.

शिक्षकेतरांबद्दल या साऱ्या चर्चेत कुणी बोलत नाही. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांचा अहवाल त्याच नियमानं, पण त्यांचं काम मोजायला वेगळे निकष कधी नीट बसवलेच नाहीत. शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीत पगारबिलं वेळेवर भरणारा लिपिक शाळा चालवतो. अहवालात त्याला ‘आज्ञाधारक’ एवढंच मिळतं. डिसेंबर 2020 च्या निर्णयानं अनुदानित शाळांमधल्या शिपायांची पदं रिकामी होतील तशी संपवून त्या जागी शिपाई भत्ता आणला. घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, सगळ्यांत आधी कुलूप उघडणाऱ्या त्या नव्या माणसाला सेवापुस्तकही नाही आणि गोपनीय अहवालही नाही.