गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच गेलं?

‘गाडी एका बाजूला ओढली की अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट लावणं) करा, काम झालं’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. जुन्या गाडीत तर त्यामागचं खरं दुखणं तसंच राहून जातं.

आधी हवा तपासा, तीही सकाळी टायर थंड असताना. नागपूरच्या मे महिन्यात दुपारचा आकडा चढलेलाच दिसतो. रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जाणारच. म्हणून सपाट, मोकळ्या रस्त्यावर पाहा. मग पुढचे दोन टायर आपसात बदला (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर). ओढ बाजू बदलली, तर दोष टायरचा. थोडं चालवून रिमजवळ हात न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच तापलं असेल तर ब्रेक अडकतोय.

आता महत्त्वाचं. गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावाच. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा: खटखट आली तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा). वर-खाली धरून हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशचं रबर फाटलंय का, तेही टॉर्चने बघा. सिमेंट रस्ता संपून डांबर लागतं तिथल्या पायरीवर आदळून हेच भाग आधी ढिले होतात.

भाग ढिला असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. मशीनवर आकडे बरोबर येतात, पण पहिल्याच खड्ड्यात चाक पुन्हा सरकतं. टायरची फक्त आतली कड झिजत असेल, तर पैसे देण्याआधी मेकॅनिककडून हे सांधे तपासून घ्या.