नानांचा डोळा, आत्याचं मशीन आणि जनगणना

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या खोल्यांत नाना आणि माझी आत्या राहायचे. नानांचा उजवा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. डाव्या डोळ्याने मात्र ते पेपरातल्या छोट्या जाहिराती चष्म्याशिवाय वाचायचे. आत्याला कानाचं मशीन. ते बंद पडलं की अख्ख्या मजल्याला कळायचं, कारण तिचा आवाज चढायचा.

२००१ च्या जनगणनेचे नियम लावले तर नाना अपंग ठरत होते आणि आत्या ठरत नव्हती. २०११ ला बरोबर उलटं. मधल्या दहा वर्षांत ना नानांना नवा डोळा आला, ना आत्याचे कान आणखी बिघडले. बदलली ती प्रगणकांच्या हातातली सूचनापुस्तिका. एकच डोळा चांगला असलेल्या माणसाला २००१ मध्ये दृष्टिदोषात धरायचं होतं, २०११ मध्ये नाही. मशीन लावणाऱ्याला २००१ मध्ये वगळायचं होतं, २०११ मध्ये मोजायचं होतं. अंधुक दिसतं, पण चष्मा कधी लावूनच बघितला नाही, अशी माणसं २००१ मध्ये सरसकट धरली गेली. पुढच्या खेपेला प्रगणकाने एक साधी चाचणी घ्यायची होती.

आता देशाचे आकडे बघा. दृष्टिदोष असलेले २००१ मध्ये सुमारे १ कोटी ६ लाख, २०११ मध्ये ५० लाख. श्रवणदोष असलेले २००१ मध्ये साडेबारा लाख, २०११ मध्ये जवळजवळ ५१ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दहा वर्षांत अंधत्व निम्म्यावर, बहिरेपणा चौपट’ असा मथळा कुणीही देईल. आकडे खरे, मथळा खोटा.

अंधत्वाच्या सरकारी व्याख्येचंही तेच झालं. आपल्याकडे पूर्वी चांगल्या डोळ्याने सहा मीटरवरून बोटं मोजता आली नाहीत तर माणूस अंध धरत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी जुळवून घेत ते अंतर तीन मीटर झालं. पाच मीटरवर अडखळणारा माणूस त्या दिवशी कागदावर डोळस झाला. २००६–०७ च्या पाहणीत अंधत्व १ टक्का आणि २०१५–१९ च्या पाहणीत ०.३६ टक्के, यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा वाटा आहेच. पण किती वाटा शस्त्रक्रियेचा आणि किती त्या तीन मीटरचा, हे विचारल्याशिवाय ती घट कुठे छापू नये.

अपंगत्वाचा आकडा हा वजनकाट्यावरचा आकडा नसतो. तो प्रश्नाचं उत्तर असतो. प्रश्न बदलला की तोही बदलतो. १९८१ च्या जनगणनेत प्रश्न होता तो पूर्णपणे अंध, पूर्णपणे पांगळे आणि पूर्णपणे मुके अशांबद्दल. सापडले साधारण ११ लाख. १९९१ मध्ये प्रश्नच काढून टाकला. २००१ मध्ये तो परत आला, तोही आपोआप नाही. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडून आणला. तेव्हा सापडले २ कोटी १९ लाख. ‘पूर्णपणे’ या एका शब्दात केवढी माणसं मावत नव्हती, ते यावरून दिसतं.

२०११ ला भारतात २ कोटी ६८ लाख म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के अपंग व्यक्ती नोंदवल्या गेल्या. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे जगात १३० कोटी, म्हणजे १६ टक्के. ऑस्ट्रेलिया स्वतःबद्दल २१ टक्क्यांच्या वर सांगतो. मग आपण ऑस्ट्रेलियाच्या दहापट धडधाकट आहोत काय?

२०११ च्या फेब्रुवारीत चाळीत जनगणनेच्या बाई आल्या होत्या. शाळेतल्या शिक्षिका, दिवसभर जिने चढून दमलेल्या. आत्याच्या दारात त्यांनी विचारलं, ‘घरात कुणी अपंग आहे का हो?’ आतेभाऊ उंबऱ्यात उभा. ‘छे छे, तसं कुणी नाही,’ म्हणाला. आत्या आत टीव्हीचा आवाज वाढवून मालिका बघत होती. म्हणजे ज्या नियमाने ती पहिल्यांदा मोजली जाणार होती, त्या नियमातूनही सुटली. आतेभाऊ खोटं बोलला नाही. ‘अपंग’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे कुबडी येते, आई येत नाही. त्यातून घरात लग्नाची मुलगी असली तर दारातलं उत्तर आणखी लवकर येतं.

या अडचणीवर संख्याशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये ‘वॉशिंग्टन ग्रुप’ नावाचा गट नेमला. त्यांच्या छोट्या प्रश्नावलीत सहा प्रश्न आहेत आणि ‘अपंग’ हा शब्द एकातही नाही. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? मशीन लावूनही ऐकायला? चालायला किंवा जिना चढायला? आठवायला, लक्ष लावायला? अंघोळ, कपडे असं स्वतःचं आवरायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला किंवा त्याचं समजून घ्यायला? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. निदान एका प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ आलं तर ती व्यक्ती मोजायची. ‘थोडी’लाही आत घेतलं तर टक्केवारी भलतीच फुगते, म्हणून कुठलाही अभ्यास वाचताना रेघ कुठे मारली आहे ते आधी बघायचं.

ही प्रश्नावलीही सर्वगुणसंपन्न नाही. लहान मुलांना ती लागू पडत नाही; त्यांच्यासाठी युनिसेफबरोबर वेगळा संच तयार झाला, २०१६ मध्ये. आणि नैराश्याने महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला माणूस या सहा प्रश्नांतून सहज निसटतो.

मानसिक आजाराचं तर बोलायलाच नको. २०११ च्या जनगणनेत मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेले फक्त ७ लाख २२ हजार. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत (त्यात महाराष्ट्र नव्हता) मानसिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. आजार आणि अपंगत्व एक नव्हे, हे मान्य. तरी लाखांत आणि कोटींत इतकी दरी नुसत्या व्याख्येने पडत नाही. एका ठिकाणी प्रशिक्षित माणूस लक्षणं विचारत होता, दुसऱ्या ठिकाणी दारातून एक प्रश्न.

मग आकडा हवा असेल तर जायचं कुठे? जनगणनेच्या तक्त्यांत सी-२० हा तक्ता अपंगत्वाचा प्रकार, वय आणि लिंग असा मिळतो. जुना आहे, पण सगळ्या घरांचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ मधली, अहवाल क्रमांक ५८३. शिक्षण, नोकरी, काळजी घेणारं कोण, प्रमाणपत्र आहे का, हे सगळं तिथे आहे. एक सापळाही आहे. पाहणीतल्या घरांत ५,७६,५६९ माणसं होती आणि माहिती घेतलेल्या अपंग व्यक्ती १,०६,८९४. उत्साही विद्यार्थी लगेच भागाकार करतो: साडेअठरा टक्के! प्रत्यक्षात अहवाल म्हणतो २.२ टक्के. कारण अपंग व्यक्ती असलेली घरं मुद्दाम जास्त निवडली होती, नाहीतर अभ्यासाला पुरेशी माणसंच मिळाली नसती. नंतर प्रत्येक घराला त्याचा गुणक, म्हणजे ते एक घर किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा, लावून हिशेब सरळ करतात. गुणक न लावता काढलेला आकडा मी एकदा एका प्रबंधात छापलेला पाहिला आहे.

याच पाहणीत अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेले निघाले २८.८ टक्के. यूडीआयडी कार्डांच्या, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्रांच्या, आकडेवारीवरून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवावा. कार्डं जास्त म्हणजे अपंग जास्त, असं नसतं. सिव्हिल हॉस्पिटल एसटीने किती लांब आहे, तपासणीचा दिवस कुठला, कानाची चाचणी करणारं यंत्र चालू आहे की नाही, हेही त्या आकड्यात दडलेलं असतं. शोधनिबंधांनाही हाच न्याय: खास शाळेत किंवा ओपीडीत जाऊन केलेला अभ्यास तिथे पोचलेल्यांबद्दल बोलतो, गावाबद्दल नाही.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, ॲसिडहल्ल्याने आलेली विद्रूपता. २०११ च्या अर्जात यांच्यासाठी चौकटच नव्हती. होती ती ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये ४९ लाख माणसं बसली आहेत, दृष्टिदोष असलेल्यांइतकीच जवळजवळ. ती कोण, हे त्या तक्त्यातून सांगता येत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर ‘भारतात २.६८ कोटी अपंग आहेत’ हे वाक्य वर्तमानकाळात दिसलं की पुढे ‘२०११ मध्ये’ असं मनातल्या मनात जोडून घ्या.

मध्यंतरी चहा पिताना आत्याला ते सहा प्रश्न विचारले. मशीन लावून ऐकायला अडचण? ‘लग्नाबिग्नात येते थोडी, घरात नाही.’ म्हणजे कानावरून ती मोजली जाणार नाही. जिना चढा-उतरायला? ती हसली. ‘अरे, खाली उतरून मला दोन वर्षं झाली.’ मी ‘खूप’ला खूण करणार, तर म्हणाली, ‘ते कसलं लिहितोस? लिफ्ट नाही चाळीला, ते लिही.’