घरातल्या रेडॉनची चाचणी आली कुठून?

न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला होम इन्स्पेक्शनच्या कागदांत वाळवीच्या जोडीला आणखी एक नाव भेटतं: रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा आणि फुप्फुसाचा कर्करोग घडवू शकणारा किरणोत्सर्गी वायू. बेसमेंटमध्ये दोन-तीन दिवस एक चपटी डबी ठेवायची आणि मग ती प्रयोगशाळेत पाठवायची. पुण्या-ठाण्यात फ्लॅट घेताना असलं कुणी विचारत नाही, म्हणून खर्च वाढवायची ही आणखी एक युक्ती असावी अशी शंका येते. ती चाचणी घरोघरी पोचली ती मात्र शेजारच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका प्रसंगामुळे.

डिसेंबर १९८४. लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता काम करत होता. कर्मचाऱ्यांच्या अंगावर किरणोत्सर्ग आहे का, हे तपासणारं यंत्र तो पुढ्यात आला की कोकलायचं. गंमत अशी की केंद्रातून अजून वीजनिर्मितीच सुरू झालेली नव्हती. मग एका सकाळी तो कामावर आला आणि आत कुठेही न जाता थेट त्या यंत्रापुढे उभा राहिला. यंत्र वाजलंच. म्हणजे किरणोत्सर्ग केंद्रातून घरी जात नव्हता, घरून केंद्रात येत होता!

बॉयरटाऊनजवळच्या त्याच्या घरातली हवा मोजली तेव्हा आकडा निघाला लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (पिकोक्युरी हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक). आज अमेरिकेत ४ पिकोक्युरीला घर दुरुस्त करा म्हणतात. कुटुंबाला घर सोडावं लागलं, आणि ते परतलं काही महिन्यांनी, दुरुस्ती झाल्यावर.

रेडॉन तोवर अनोळखी नव्हता. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांचा छातीचा आजार सोळाव्या शतकापासून नोंदलेला आहे, आणि तो फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी दाखवलं. रेडियममधून वायू निघतो हे फ्रीडरिश डॉर्नने १९०० मध्ये सांगितलं. स्वीडनमध्ये तर १९५० च्या दशकात राहत्या घरांतही मोजमाप झालं होतं. पण अमेरिकेत सगळं लक्ष युरेनियमच्या खाणींवर, आणि कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनसारख्या गावांवर, जिथे युरेनियम गिरणीचा गाळ भराव म्हणून घरांखाली टाकला गेला होता. माणसाने काही घाण केली नसतानाही नुसती जमीनच इतका वायू सोडेल, हे पचायला वॉट्रसचं घर लागलं.

ते घर रीडिंग प्राँग नावाच्या, युरेनियम जास्त असलेल्या खडकांच्या पट्ट्यावर होतं. हा पट्टा न्यू जर्सीतून न्यूयॉर्कपर्यंत जातो. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन अशी ही वंशावळ. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते, तळाशी ओढ निर्माण होते आणि जमिनीतला वायू फरशीच्या भेगांमधून आत खेचला जातो. त्याची किरणोत्सर्गी पिलावळ धुळीला, कपड्यांना, फुप्फुसाला चिकटते. कपड्यांना चिकटलेल्या त्या पिलावळीनेच लिमरिकचं यंत्र वाजवलं.

माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा तपशील वेगळाच आहे. वॉट्रसच्या जवळपासच्या काही घरांत आकडे साधारण निघाले! पायाखालची भेग, जमिनीतली पोकळी यांवर सगळं अवलंबून, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्यावर आपलं घर जोखता येत नाही. नाकाला वास नाही, डोळ्यांना रंग नाही. उरतं ते प्रत्येकाने आपापलं मोजणं. अमेरिकी पर्यावरण संस्थेने १९८६ मध्ये नागरिकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९८८ मध्ये सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याने, देशभर इशारा दिला. त्याच वर्षी कायदा आला आणि घरातली हवा बाहेरच्याइतकी रेडॉनमुक्त करण्याचं उद्दिष्ट त्यात लिहिलं गेलं. ते जरा जास्तच भाबडं होतं. ४ हा आकडाही व्यवहार बघून ठरलेला आहे, त्याखाली सगळं निर्धोक असा त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घनमीटरमागे १०० बेकरेल, म्हणजे लिटरमागे २.७ पिकोक्युरी, ही पातळी सुचवली.

डबीत असतो रेडॉन शोषून घेणारा खास कोळसा. चाचणीच्या १२ तास आधीपासून खिडक्या बंद ठेवायच्या, डबी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवायची नाही. मुदत संपली की डबी घट्ट बंद करून लगेच टपालात टाकायची, कारण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. पाकीट आठवडाभर गाडीत राहिलं तर चाचणी फुकट.

आपल्याकडे ही सवय का नाही, याचं थोडं उत्तर भूगोलात आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी, आणि आपल्या खिडक्या बाराही महिने उघड्या. तरीही भाभा अणुसंशोधन केंद्राने घरांत महिनोन्महिने टांगायची मोजणीची साधनं तयार केली आहेत. त्यांतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे उमटतात, आणि ते नंतर मोजले जातात.

अमेरिकेत आकडा जास्त आला तर फरशीला भोक पाडून पाइप घालतात आणि पंख्याने जमिनीखालची हवा छपरावर सोडतात. पाइपाला रंगीत पाण्याची एक वाकडी नळी लावलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीवर दिसलं, तर पंखा बंद पडलाय असं समजायचं.