इंधन-बहिष्कार : सीमाभागाचा अनुभव

पेट्रोल व डिझेल यांचे दर खाली यावेत या मागणीसाठी ग्राहकांनी एकजुटीने, ठरावीक दिवशी किंवा ठरावीक कंपनीच्या पंपावर, इंधन घेण्यास दिलेला नकार म्हणजे इंधन-बहिष्कार. दरवाढ झाली की ‘अमुक तारखेला कोणीही पेट्रोल भरू नका’ असे आवाहन हातोहात फिरते आणि काही दिवसांनी ‘अमुक कंपनीच्या पंपाची पायरी चढू नका’ असे त्याचे दुसरे रूप पुढे येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या कर्नाटकाच्या सीमेवरील पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, लागतो. निपाणीकराला कोगनोळी ओलांडली की कागल. आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. राज्य बदलले की कर बदलतो आणि कर बदलला की पंपावरचा दरही बदलतो. ग्राहकाने आपली खरेदी एका ठिकाणाहून दुसरीकडे वळविली तर दराचे काय होते, हे पाहण्यास याहून चांगली जागा क्वचितच सापडेल. येथील अनुभव असा की बहिष्काराने इंधनाचा दर उतरत नाही, कारण ज्याच्यावर बहिष्काराचा घाव पडतो त्याच्या हाती दर नसतो.

बहिष्कार हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात वंगभंगाच्या चळवळीपासून रुळला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही लोकमान्य टिळकांची चतुःसूत्री आणि १९०५ साली पुण्यात पेटलेली विलायती कापडाची होळी या घटनांनी त्या शब्दाला नैतिक वजन मिळवून दिले. बेळगाव परिसराला ही परंपरा जवळची आहे. महात्मा गांधी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते १९२४ मध्ये बेळगावातच भरले. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या गंगाधरराव देशपांडे यांचे हुदली हे गाव पुढे खादीचे केंद्र म्हणून ओळखले गेले. या इतिहासातील एक गोष्ट इंधनाच्या चर्चेत सहसा विसरली जाते. विलायती कापड नाकारणाऱ्याच्या अंगावर खादी होती. ज्या वस्तूला पर्याय आहे ती वस्तू माणूस महिनोन्‌महिने नाकारू शकतो. ज्या वस्तूला पर्याय नाही ती फार तर उद्यापर्यंत पुढे ढकलतो. पेट्रोलला अजून तरी हुदलीची खादी सापडलेली नाही.

एक दिवसाच्या बहिष्काराचे गणित याच मुद्द्यावर फसते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दुचाकीने जाणारा कामगार सोमवारी पेट्रोल भरणार नसेल तर तो रविवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी भरतो. त्याची गाडी त्या दिवशीही तेवढेच किलोमीटर धावते. खरेदीची तारीख बदलते, खप बदलत नाही. पंपमालकाच्या जमिनीखालच्या टाकीत राहिलेला माल नासत नाही, तो दुसऱ्या दिवशी विकला जातो. अमेरिकेत ३० एप्रिल १९९९ रोजी असाच एक दिवसाचा बहिष्कार पुकारण्यात आला होता. त्याने दर उतरले नाहीत, उलट त्या वर्षभर ते चढतच राहिले. शिवाय वापर खरोखर थांबवणे अनेकांना शक्यच नसते. गाळप हंगामात तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्याचे वजन घटते, म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉलीला डिझेल लागतेच. बेळगावच्या भाजी मार्केटमधून गोव्याकडे जाणारी कोबी, मिरची, कोथिंबीर पहाटे निघाली नाही तर दुपारी तिला गिऱ्हाईक राहत नाही. खेड्यावरून शहरात माणसे आणणाऱ्या वडापचालकाचे त्या दिवसाचे जेवण त्या दिवसाच्या फेऱ्यांवर असते. दर कितीही चढला तरी अल्पकाळात इंधनाची मागणी फारशी हलत नाही, या अर्थशास्त्रातील नेहमीच्या विधानामागे अशीच माणसे उभी असतात.

एकाच कंपनीवर बहिष्कार घालावा, म्हणजे तिला दर उतरवावा लागेल आणि तिच्यामागून इतरही उतरतील, हा युक्तिवाद वरकरणी अधिक विचारपूर्वक वाटतो. मात्र तो भारतात लागू पडत नाही. देशातील बहुसंख्य पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सार्वजनिक कंपन्यांचे आहेत. बर्मा शेल आणि एसो या परदेशी कंपन्यांचे १९७० च्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन यातील दोन कंपन्या आकाराला आल्या. तिघींचे दर एकाच गावात फार तर काही पैशांनी वेगळे असतात आणि त्या गरजेनुसार एकमेकींच्या शुद्धीकरण कारखान्यांतून व आगारांतून माल उचलतात. एका पंपावरचे गिऱ्हाईक शेजारच्या पंपावर गेले तर पहिल्या कंपनीचा माल दुसरीच्या टँकरमधून त्याच रस्त्याने येऊ शकतो. नुकसान होते ते स्थानिक पंपमालकाचे. तो टँकरचे पैसे आगाऊ भरतो, लिटरमागे ठरलेल्या कमिशनवर पंप चालवतो आणि पहाटे सहाला जो दर कळवला जातो तो फलकावर लावतो. दरात पैसाही कमी करण्याचा अधिकार त्याला नाही. कमिशन वाढवून मिळावे म्हणून ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतील पंपमालकांनी स्वतःच कंपन्यांकडून एक दिवस माल उचलला नाही. म्हणजे दराच्या साखळीत तोही मागणाराच आहे, देणारा नाही. सीमाभागात पंप चालवणारा बहुधा गावातलाच माणूस असतो, आणि त्याच्या दारात राग व्यक्त करणे अन्यायाचे आहे.

दर ठरतो कसा, हे पाहिल्याशिवाय बहिष्काराची मर्यादा नीट कळत नाही. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे जागतिक बाजारातील दर आणि डॉलरचा विनिमय दर हा पाया ठरतो. जगात दररोज खपणाऱ्या सुमारे १० कोटी पिंपांपैकी भारताचा वाटा ५५ लाख पिंपांच्या आसपास आहे. एका जिल्ह्याच्या किंवा एका राज्याच्या नकाराची या बाजारात नोंदही होत नाही. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज दर बदलण्याची पद्धत सुरू झाली. या पायावर केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि शेवटी राज्याचा कर चढतो. पेट्रोल व डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा कर वेगळा असतो. कर्नाटकात तो विक्रीकर म्हणून, महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर म्हणून घेतला जातो. राज्याचा कर टक्केवारीत असल्याने खालचा पाया उंचावला की करही आपोआप वाढतो.

मागणी घटली तर दर घटेल, या समजुतीची सर्वांत मोठी परीक्षा २०२० मध्ये झाली, आणि ती कोणी ठरवून घेतलेली नव्हती. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये भारतातील इंधनाचा खप आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ निम्म्याने घटला. कोणत्याही बहिष्काराला साधणार नाही एवढी ही घट होती. २० एप्रिलला अमेरिकेतील कच्च्या तेलाचा वायद्याचा दर शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. भारतातील पंपांवर मात्र दर उतरला नाही. मार्चमध्ये लिटरमागे ३ रुपये आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये असे उत्पादन शुल्क वाढवून केंद्राने ती स्वस्ताई आपल्या तिजोरीत वळती केली. पेट्रोलवरील शुल्क ३२ रुपये ९८ पैसे झाले. ८२ दिवस स्थिर राहिलेले दर ७ जूनपासून रोज वाढू लागले. महामार्ग ओस पडलेले असताना, कोगनोळीच्या सीमेवर वाहने अडकून पडलेली असताना, रोजगार बुडालेला असताना ग्राहकाने नाइलाजाने पाळलेल्या या महाबहिष्काराचे फळ त्याला मिळाले नाही. इंधन-बहिष्काराविषयी लिहिताना इतर सर्व युक्तिवाद बाजूला ठेवले तरी हा एक दाखला पुरेसा आहे.

बहिष्काराने दर कधीच उतरत नाहीत असे मात्र म्हणता येत नाही. इस्रायलमध्ये जून २०११ मध्ये कॉटेज चीज या रोजच्या खाण्यातील पदार्थावर लोकांनी बहिष्कार घातला आणि सात शेकेलच्या आसपास गेलेला डबा सहाच्या खाली आला. मोरोक्कोत एप्रिल २०१८ पासून दूध, बाटलीबंद पाणी आणि इंधन यांच्या प्रत्येकी एका मोठ्या कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. त्यांपैकी दुधाच्या कंपनीला त्याच वर्षी ताज्या दुधाचा दर कमी करावा लागला. दूध नासते, त्याचा दर कंपनीच ठरवते आणि शेजारच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचे दूध मिळते. या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. इंधनाच्या बाबतीत बहिष्कार गाजला तो १९९५ साली, ब्रेंट स्पार ही तेल साठवणुकीची जुनी तरती टाकी समुद्रात बुडवण्याच्या शेल कंपनीच्या बेताविरुद्ध. जर्मनीतील ग्राहकांनी शेलचे पंप टाळले आणि २० जूनला कंपनीने बेत सोडला. तेथे मागणी दराची नव्हती. निर्णय पूर्णपणे कंपनीच्या हातात होता आणि तो बदलण्यासाठी तिला सरकारी तिजोरीला हात लावावा लागणार नव्हता.

आता पुन्हा सीमेकडे. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१२ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ काढून टाकला आणि तेथे पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी स्वस्त झाले. गोव्याला गेलेली बेळगावची गाडी टाकी पूर्ण भरूनच घाट चढू लागली, हे स्वाभाविक होते. पण त्यामुळे बेळगावातला दर उतरला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच्या उलट घडले. केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांची कपात करताच कर्नाटकाने आपल्या बाजूने आणखी ७ रुपये कमी केले. महाराष्ट्राने केले नाहीत. मुंबईत पेट्रोल १०९ रुपये ९८ पैसे आणि बेंगळूरूत १०० रुपये ५८ पैसे, अशी जवळजवळ साडेनऊ रुपयांची तफावत पडली. कागल, चंदगड, गडहिंग्लजच्या वाहनधारकाला सीमा ओलांडणे परवडू लागले आणि गिऱ्हाईक निपाणीकडे सरकले. हा कोणी न पुकारलेला बहिष्कारच होता, आणि तो एका दिवसाचा नसून आठ महिने चालला. तरीही महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपयांची कपात केली ती जुलै २०२२ मध्ये, सत्तांतरानंतर.

या तारखांकडे नीट पाहिले तर दराला वाकवणारी शक्ती ओळखता येते. कर्नाटक विधानसभेची निवडणूक १२ मे २०१८ रोजी होती. रोज बदलणारे दर २४ एप्रिलपासून जागचे हलले नाहीत आणि मतदान आटोपल्यावर १४ मेपासून पुन्हा चढू लागले. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या दरम्यान ते १३७ दिवस स्थिर होते, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात सुमारे १० रुपयांनी वाढले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००० मध्ये शेतकरी व मालवाहतूकदारांनी तेलाच्या आगारांची वाट अडवली, तेव्हा काही आठवड्यांत सरकारने इंधनावरील शुल्कात सवलत जाहीर केली. या घटनांमध्ये खप घटल्याचा संबंध नाही. सरकारला दडपण आले ते मताचे किंवा रस्त्याचे. सीमाभागाला रस्त्याच्या दडपणाचीही किंमत माहीत आहे. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले.

वापरच कायमचा कमी करणे ही बहिष्काराहून वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा लाभ ग्राहकाला थेट मिळतो, जरी पंपावरचा दर तसाच राहिला तरी. बस, रेल्वे, विजेवरची दुचाकी हे मार्ग शहरात सोपे आहेत, खेड्यात कमी. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाऊ लागले आहे आणि बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांना त्यातून उत्पन्नाचे नवे साधन मिळाले आहे. पण त्याचा खरेदी दरही सरकारच ठरवते आणि मिश्रणामुळे फलकावरचा आकडा खाली आलेला नाही.

सीमेवरच्या ग्राहकाच्या निवडीला सरकारदरबारी काहीच किंमत नाही, असे मात्र समजू नये. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरील कर २१.१७ टक्के केला. या दुसऱ्या वाढीचे समर्थन करताना राज्य सरकारने शेजारच्या राज्यांतील सीमेलगतच्या गावांचे दर पुढे ठेवले. त्यांत कागल होते. कागलला डिझेल ९१ रुपये ७ पैसे आणि वाढीनंतर कर्नाटकात ९१ रुपये २ पैसे, असा तो हिशेब होता. निपाणीचा ट्रकमालक सीमेपलीकडे जाऊ शकतो, ही गोष्ट बेंगळूरूला ठाऊक आहे आणि ती करवाढीला वरची मर्यादा घालते. त्या मर्यादेच्या पाच पैसे खालपर्यंत कर नेण्यापासून मात्र ती सरकारला रोखत नाही. एप्रिल २०२५ च्या मध्यास राज्यातील लॉरीमालकांनी डिझेलची वाढ मागे घ्यावी या मागणीसह संप पुकारला. तो काही दिवसांत मिटला, आणि डिझेलवरचा वाढीव कर कायम राहिला.