भूशास्त्र विभाग, नागपूर : ध्येय आणि प्रयोजन

खडक, खनिजे, जीवाश्म, भूजल आणि जमिनीची घडण यांचा अभ्यास करणारी व त्यासाठी माणसे घडवणारी विद्यापीठाची शाखा म्हणजे भूशास्त्र विभाग. अध्यापन, संशोधन आणि समाजाला सल्ला ही त्याची कामे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात (स्थापना १९२३) या विषयाचा पदव्युत्तर विभाग आहे. नागपुरात यांतले सल्ल्याचे काम सर्वांत मोलाचे ठरते, कारण इथली जमीन एकसारखी नाही.

शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, आहे; सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स याच काळ्या दगडाच्या. पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नीस हा उष्णता आणि दाबाने रूप पालटलेला खडक लागतो. कामठीकडे वालुकाश्म आणि कोळसा, रामटेकजवळ मनसरला मँगनीज, उमरेडला पुन्हा कोळसा.

खडक बदलला की विहिरीचे पाणीही बदलते. बेसाल्टमध्ये पाणी मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात साठते. त्याखालचा अखंड कातळ कोरडाच. नीसमध्ये झिजलेला वरचा थर आणि फटी एवढाच आधार. वालुकाश्मात कणाकणांमध्ये जागा असल्याने साठा बराच मोठा. म्हणून शेजारच्या वावरात बोअरला पाणी लागले तरी आपल्याकडे लागेलच असे नसते. आजही अनेक शेतकरी हातावर नारळ घेतलेल्या पाणाड्याच्या भरवशावर कर्ज काढून बोअर मारतात. आसपासच्या विहिरींची पातळी मोजून, जमिनीचा विद्युत रोध (वीज वाहण्यास होणारा अडथळा) तपासून जागा सुचवणारा माणूस त्यांच्या बांधापर्यंत पोचला पाहिजे. विभागाने हे आपले पहिले कर्तव्य मानावे.

इथल्या अभ्यासाची परंपरा विद्यापीठापेक्षा जुनी आहे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांतून गोड्या पाण्यातले शंख, फळे आणि बिया गोळा केल्या. त्यांचा व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन उद्रेकांदरम्यान इथे तळी होती, झाडे होती, हे या जीवाश्मांवरून कळते.

विद्यार्थी हे सगळे हातोडी, भिंग आणि थराचा कल मोजणारे क्लिनोमीटर घेऊन उन्हातान्हात शिकतो. उघड्या पडलेल्या थराचा कल आणि दिशा मोजायची, वहीत जागच्या जागी नोंद करायची, नमुन्यावर क्रमांक टाकायचा. प्रयोगशाळेत त्याच दगडाचा काप काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली काळाकभिन्न बेसाल्ट उलगडतो : राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचे फेल्डस्पार या खनिजाचे लांबट स्फटिक आणि त्यांच्यामध्ये पायरॉक्सीन हे रंगीत दिसणारे खनिज. क्षेत्रकार्य आणि सूक्ष्मदर्शक या दोन्हींना कात्री लावून केवळ परीक्षेपुरते शिकवले, तर विभागाचा हेतूच हरवतो.

पदवीनंतरच्या वाटाही जवळच आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय, भारतीय खाण ब्युरो, मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. मात्र उघड्या खाणीतून पाणी उपसले की भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाऊ शकते. अशा वेळी गावकरी आणि खाण या दोघांनाही मान्य होईल अशी निःपक्ष मोजणी विद्यापीठाने करावी, आणि त्यासाठी खाण सुरू होण्याआधीच्या पाणीपातळीच्या नोंदी त्याच्याकडे असाव्यात.