धावण्याच्या सुरुवातीची धाप

धावायला लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत श्वास फुलतो, छाती भरून येते आणि आता एक पाऊलही पुढे टाकवणार नाही असे वाटते, ती अवस्था. नव्याने धावू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती गाठते. मुरलेल्या धावपटूलाही ती चुकलेली नसते, फक्त त्याचे थोडक्यात निभावते. निरोगी माणसाला लागणारी ही धाप फुप्फुसे कमकुवत असल्याची खूण नव्हे. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी एका क्षणात वाढते आणि पुरवठा दोन-तीन मिनिटे मागे रेंगाळतो, त्यातून ती येते. नवखा माणूस बहुधा याच मिनिटांत थांबतो आणि ‘आपल्याला धावणे जमायचे नाही’ असे ठरवून टाकतो. म्हणून ही धाप नीट समजून घेणे गरजेचे आहे.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. अगदी सावकाश धावतानाही ही गरज सात-आठ पटींनी वाढते. पायांना ऊर्जा पहिल्या पावलापासून लागते. हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायूंतील पेशी मात्र इतक्या चटकन वेग धरत नाहीत. मधल्या काळात शरीर साठ्यावर भागवते. स्नायूंत तयार असलेले एटीपी, म्हणजे पेशी थेट वापरतात ते ऊर्जेचे रसायन, दोन-तीन सेकंदच पुरण्याइतके असते. ते झटपट पुन्हा भरून देणाऱ्या क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आणखी दहाएक सेकंद पुरतो. त्यानंतर ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन पुढची बाजू सांभाळते. तोवर हृदयाचे ठोके वाढतात, पोटातल्या अवयवांकडचा रक्तप्रवाह आखडून पायांकडे वळतो, स्नायूंतील केशवाहिन्या उघडतात. दोन ते तीन मिनिटांनी मागणी आणि पुरवठा जुळतात. वेग बेताचा असेल तर इथून पुढे श्वास स्थिरावतो, लय सापडते.

या पहिल्या मिनिटांचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. कोपनहेगनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रो आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये श्रमाच्या आरंभी श्वसन व रक्ताभिसरण कसे बदलते हे मोजले. व्यायाम सुरू होताक्षणी, रक्तातले वायू बदलण्याआधीच, श्वास एकदम वाढतो असे त्यांना आढळले. स्नायूंना हालचालीचा हुकूम देताना मेंदू श्वसनकेंद्रालाही त्याच वेळी जागे करतो, असा त्याचा अर्थ होता. इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड हिल यांनी धावणाऱ्यांवर प्रयोग केले. हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये ‘ऑक्सिजनचे ऋण’ ही कल्पना मांडली: सुरुवातीला पडलेली तूट थांबल्यानंतर जास्तीचा श्वास घेऊन भरून काढली जाते. ऋण आणि फेड यांचा हिशेब इतका सरळ नसतो हे पुढे स्पष्ट झाले. सुरुवातीच्या तुटीची कल्पना मात्र आजही टिकून आहे.

हवा पुरत नाही असे वाटते, पण निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन या वेळी फारसा घटलेला नसतो. श्वासाची ओढ लावतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजनविना ऊर्जा तयार होताना आम्लता वाढते, रक्तातले बायकार्बोनेट ती शमवते आणि त्या क्रियेत आणखी कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो बाहेर टाकण्यासाठी श्वसनकेंद्र श्वासाला घाई करते. घाबरलेला माणूस अशा वेळी वरच्या वर हवा ओढत राहतो आणि उच्छ्वास अर्धवट सोडतो, त्यामुळे गुदमरल्यासारखे वाटणे वाढते. उच्छ्वास लांब आणि पुरा सोडला की पुढचा श्वास आपोआप खोल जातो. नाकानेच श्वास घ्यायचा हा हट्टही इथे सोडावा. श्रम वाढले की नाकाची वाट अपुरी पडते आणि तोंड आपसूक उघडते. त्यात काहीही गैर नाही.

नवख्याच्या धापेचे सर्वांत मोठे कारण वेग हेच आहे. एक किलोमीटरला आठ मिनिटे, म्हणजे भरभर चालण्याच्या किंचित वर, या गतीने धावणारा तीन मिनिटांत ३७५ मीटर जातो. गोव्यात बांबोळीच्या ॲथलेटिक स्टेडियममधल्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर धावायला उतरलेल्या माणसाची पहिली फेरी जवळजवळ संपूर्ण या तुटीतच जाते. पहिल्या फेरीवरून स्वतःची पात्रता ठरवणे म्हणूनच चुकीचे. सैन्यभरतीत १.६ किलोमीटरची धाव असते, म्हणजे अशा चार फेऱ्या. तिची तयारी करणारी मुले पहिल्या दोनशे मीटरला जीव तोडून पळतात, कारण शेजारचाही तसाच पळतो. पेलण्याच्या मर्यादेपलीकडचा वेग असला की मागणी-पुरवठा जुळण्याची वेळ येतच नाही: आम्लता वाढत जाते, धाप चढत जाते आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. हीच मुले पहिली फेरी आवरून धावली तर पुष्कळदा एकूण वेळही सुधारतो. भरतीच्या मैदानावर शिकण्याजोगी ही पहिली गोष्ट आहे आणि दुर्दैवाने तीच सर्वांत कमी सांगितली जाते.

गोव्यात या धापेत हवामानाची आणि जमिनीची भर पडते. किनाऱ्यावरची हवा वर्षातला बराच काळ दमट असते, त्यामुळे घाम येतो पण सुकत नाही. अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त जावे लागते, पायांच्या वाट्याला येणारे रक्त त्या प्रमाणात कमी पडते आणि तोच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर धावणे नवख्याने टाळलेलेच बरे. पहाटे हवेतली सापेक्ष आर्द्रता खरे तर दिवसातली सर्वांत जास्त असते, पण ऊन नसते आणि तापमान उतरलेले असते, म्हणून तीच वेळ सोयीची. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, पारा विशीच्या आसपास असताना, सुरुवात करणाऱ्याला तीच धाव निम्म्या कष्टाची वाटू शकते.

जागेची निवडही महत्त्वाची. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर हौसेने आलेले अनेकजण बूट काढून थेट कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावू लागतात. मऊ वाळूत पाऊल रुतते, ढकललेली ताकद वाळूतच जिरते आणि त्याच वेगाला कठीण जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते. शंभर पावलांत धाप लागली तर दोष छातीचा नाही, वाळूचा आहे. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू त्यापेक्षा कितीतरी बरी. काम्पालपासून मिरामारकडे जाणारा सपाट रस्ता आणखी बरा. पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा चढ पहिल्या महिन्यात धावून काढण्याच्या फंदात पडू नये, तो चालत चढावा. तिसवाडीत किंवा दिवाडी बेटावर खाजन शेतांमधून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांमधून, जाणारे रस्ते सपाट असतात आणि सकाळी रहदारीही थोडी असते. नवख्याला त्यासारखी दुसरी वाट नाही. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या बांधांवर आणि चिऱ्यांवर पाय जपून टाकावा लागतो.

उपाय साधे आहेत, पण ते पाळायला संयम लागतो. धावण्याआधी पाच ते दहा मिनिटे आधी सावकाश, मग भरभर चालावे. त्याने हृदयाची गती आधीच वाढते, स्नायूंतला रक्तप्रवाह सुधारतो आणि गरम झालेल्या स्नायूंत हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते. पुरवठा असा आधीच अर्धी वाट चालून आलेला असला की तूट लहान पडते. उभ्या-उभ्या पाय ताणून लगेच पळत सुटण्याने हे साधत नाही. नंतरचा वेग बोलून पारखावा: सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर, दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त. एकटे असाल तर आरतीची एक ओळ स्पष्ट म्हणून पाहावी. सुरुवातीच्या आठवड्यांत एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून-पालटून केले तर धाप सोसण्याच्या मर्यादेत राहते. मधे चालणे म्हणजे हार नव्हे, ती शिकण्याची रीतसर पद्धत आहे. धाप चढलीच तर एकदम बसकण न मारता चालत राहावे, म्हणजे पायांतले रक्त हृदयाकडे परतत राहते आणि घेरी येत नाही. बरगडीखाली कळ आली तर वेग उतरवून लांब उच्छ्वास सोडावेत. पोटभर जेवून तास-दोन तासांत धावणाऱ्यांना ही कळ जास्त छळते.

नियमित सरावाने फरक पडतो आणि तो अपेक्षेपेक्षा लवकर जाणवतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंत ऑक्सिजन वापरणाऱ्या तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढतात. ऑक्सिजनचा वापर लवकर पातळीवर येऊ लागतो, सुरुवातीची तूट आकसते. फुप्फुसांचा आकार यात जवळजवळ बदलत नाही. बदल होतो तो हृदयात, रक्तात आणि पायांत.

प्रत्येक धाप मात्र या सदरात मोडत नाही. धावताना किंवा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ येणे, छातीत शिट्टीसारखा आवाज होणे, हे व्यायामाने श्वासनलिका आकसल्याचे लक्षण असू शकते. धूळ आणि परागकण त्याला चेतवतात, तेव्हा खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यांवर असा त्रास होणाऱ्यांनी धावू नये. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या इनहेलरने हा त्रास चांगला आटोक्यात येतो. जिना चढतानाही दम लागत असेल, थकवा जात नसेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे हे कारण वारंवार आढळते आणि ‘सवय नाही म्हणून दम लागतो’ असे म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षितही राहते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी धावायला लागण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. छातीत दाब किंवा दुखणे, ते जबड्याकडे वा हाताकडे पसरणे, भोवळ, ठोके अनियमित पडणे, किंवा थांबून दहा मिनिटे झाली तरी श्वास न उतरणे, यांपैकी काहीही झाले तर पुढे न धावता जवळच्या माणसाला हाक मारावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.