डोमेन नाव आणि ट्रेडमार्कची जोखीम

इंटरनेटवरचा पत्ता म्हणून घेतलेले डोमेन नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी जुळले, तर ते हातचे जाऊ शकते. डोमेन देताना नाव शिल्लक आहे एवढेच पाहिले जाते. हक्क कोणाचा, हे तपासले जात नाही. ट्रेडमार्क मात्र माल आणि सेवांच्या ४५ वर्गांनुसार मिळतो. हळद ३०व्या वर्गात, बेदाणा २९व्यात. एकाच नावाने सांगलीत एक जण मसाला विकेल आणि दुसरा पाण्याचे पंप, पण त्या नावाचे डॉट कॉम एकालाच मिळेल.

सायबर-स्क्वॉटिंगसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे डोमेन मुद्दाम अडवून ठेवण्याविरुद्ध, भारतात स्वतंत्र कायदा नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळते, असे ठरवले. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या वेब पोर्टलच्या बाजूने निकाल दिला. तिथे दोन नावांत एकाच अक्षराचा फरक होता. मराठी व्यापाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण 'काळे' आणि 'काले' ही नावे रोमन लिपीत एकच होतात.

गावाच्या नावाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. 'सांगली हळद' आणि 'सांगली बेदाणा' यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येते. असे नाव कोणालाही स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. सांगलीच्या बाजारात बाहेरच्या भागांतली हळदही येते. ती 'सांगली हळद' नावाच्या डोमेनवरून विकली, तर मानांकनाचा भंग होतो. शेतकऱ्यांनी कष्टाने मिळवलेल्या नावाचे असे नुकसान होता कामा नये.

तक्रार झाल्यास डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेन नावांच्या जागतिक संस्थेचे १९९९ पासूनचे धोरण लागू होते, तर डॉट इनसाठी ती नावे सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेचे. नाव फसवे साम्य असलेले आहे का, घेणाऱ्याचा त्यावर काही रास्त हक्क आहे का आणि त्याचा हेतू वाईट होता का, हे दोन्हीकडे पाहतात. फरक शेवटच्या मुद्द्यात आहे. डॉट कॉमला नोंदणी आणि वापर, दोन्ही वाईट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते. डॉट इनला त्यातले एक पुरते. म्हणजे नुसते अडवून ठेवलेले डॉट इनही जाऊ शकते. नोटिशीला 'अमुक लाख द्या, नाव घ्या' असे उत्तर पाठवले, तर ते वाईट हेतूचा पुरावा ठरू शकते.

बचावासाठी कागद लागतो. स्वतःचे आडनाव प्रामाणिकपणे वापरण्याला आणि दुसऱ्याच्या वापराआधीपासून चालू असलेल्या आपल्या वापराला कायद्यात संरक्षण आहे. म्हणून जुनी बिले, बाजार समितीच्या पट्ट्या, परवाने जपून ठेवावेत. डोमेन घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदवहीत ऑनलाइन शोध घ्यावा, उच्चार आणि स्पेलिंग बदलूनही. लहान उद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. डोमेन मात्र वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नव्हे, पेढीच्याच नावावर घ्यावे; नाहीतर ट्रेडमार्क आपला असूनही पत्ता सोडवायला भांडावे लागते.